फुप्फुस धमनी : अपवादापलीकडे

शालेय जीवशास्त्रात फुप्फुस धमनीच्या वाट्याला साधारणपणे एकच वाक्य येते. धमन्या ऑक्सिजनयुक्त रक्त वाहून नेतात, अपवाद फुप्फुस धमनीचा. शिरा ऑक्सिजनविरहित रक्त हृदयाकडे आणतात, अपवाद फुप्फुस शिरांचा. 'अपवाद सांगा' या प्रश्नाला एक गुण असतो आणि मुले तो सहसा मिळवतात. आकृतीत ही धमनी निळ्या रंगाने दाखवायची, एवढी आणखी एक सूचना असते. त्यानंतर तिचे नाव फारसे निघत नाही.

या वाक्यात चूक काहीच नाही. पण ते अपुरे आहे आणि त्याचा अपुरेपणा विद्यार्थ्याला भलत्या दिशेने नेतो, असे मला वाटते. फुप्फुस धमनीचे वेगळेपण आपण रक्ताच्या रंगावरून ठरवतो. वास्तविक तिचे खरे वेगळेपण तिच्यातील रक्तदाबात आहे. रंगाचा भेद पाठ करावा लागतो. दाबाचा भेद समजावून घेता येतो, मोजता येतो आणि त्यावरून पुढचे अनुमान काढता येते. याचा पुरावा मात्र आपण शाळेत शिकवताना ज्या क्षेत्राकडे सहसा पाहत नाही अशा ठिकाणी मिळतो. फुप्फुसी अतिरक्तदाबाच्या रुग्णांवर केलेले फुप्फुस प्रत्यारोपण हे ते क्षेत्र. तेथे ही धमनी कशी वागते हे पाहिले, म्हणजे आपल्या त्या एका वाक्यात काय राहून गेले आहे ते कळते. एवढेच नव्हे, तर तीच गोष्ट ओळखायला निष्णात शल्यचिकित्सकांनाही जवळजवळ दहा वर्षे लागली, हेही लक्षात येते.

रंग आधी, दाब नंतर

रंगाला एवढे महत्त्व का आले, याला इतिहास आहे. उजव्या हृदयातून निघालेले रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या हृदयात येते, ही गोष्ट तेराव्या शतकात इब्न अल्‌ नफीस याने मांडली. विल्यम हार्वेचा रक्ताभिसरणावरील ग्रंथ १६२८ साली प्रसिद्ध झाला. मार्चेल्लो मालपिगीने १६६१ साली सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या आणि साखळीतील उरलेला दुवा जोडला. म्हणजे या धमनीतून कोणते रक्त जाते आणि कोठे जाते, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच माहीत झाले होते.

जिवंत माणसात तिच्यातील दाब मोजणे ही त्यामानाने अगदी अलीकडची गोष्ट. दंडावर बांधायच्या पट्ट्याने महाधमनीच्या बाजूचा दाब कळतो, फुप्फुस धमनीचा नाही; ती छातीत खोलवर असते. १९२९ साली वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली. पुढे १९४० नंतर न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ही पद्धत शास्त्रशुद्ध केली. या तिघांना १९५६ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या नळीमुळेच फुप्फुस धमनीतील दाब नियमितपणे मोजता येऊ लागला. आपली शालेय मांडणी मात्र नळीच्या आधीच्या काळातच थांबली आहे.

एक साधे गणित

आता दाबाच्या नजरेने पाहू. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. उजव्या बाजूने जेवढे जाते तेवढेच डाव्या बाजूने जाते. पण महाधमनीतील सरासरी दाब सुमारे ९३ मिलिमीटर पारा असतो आणि फुप्फुस धमनीतील जेमतेम १४. प्रवाह तोच, तरी दाब इतका कमी. याचा अर्थ फुप्फुसांतील वाहिन्यांचा रोध फार कमी असला पाहिजे.

विद्युत मंडलासाठी आपण ओहमचा नियम शिकवतो. येथेही तसेच लिहिता येते : दाबातील फरक = प्रवाह × रोध. फुप्फुसातून बाहेर पडलेले रक्त डाव्या अलिंदात येते. तेथील दाब ८ धरला, तर फरक १४ वजा ८, म्हणजे ६. त्याला ५ ने भागल्यास रोध १.२ येतो. या एककाला ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पॉल वूड यांच्या नावावरून वूड एकक म्हणतात. शरीराच्या बाजूने उजव्या अलिंदातील दाब ३ धरून हेच गणित केले, तर ९० भागिले ५, म्हणजे १८ एकके येतात. फुप्फुसांचा रोध शरीराच्या रोधाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतका आहे. म्हणून तर उजव्या निलयाची भिंत ३ ते ४ मिलिमीटर जाडीची असून भागते आणि डाव्या निलयाची मात्र साधारण १० मिलिमीटर असावी लागते. दोन निलयांच्या भिंती वेगवेगळ्या जाडीच्या का, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मुलांना स्वतःला काढता येते.

फुप्फुसी अतिरक्तदाब या विकारात हा रोधच वाढतो. फुप्फुसातील बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात, आतला मार्ग अरुंद होतो, काही वाहिन्या पूर्ण बंद पडतात. १९७३ साली जिनीव्हा येथील बैठकीत विश्रांतीतील सरासरी दाब २५ च्या वर गेला की तो विकार मानावा असे ठरले होते. २०१८ साली नीस येथील परिषदेत ही मर्यादा २० वर आणण्यात आली. गंभीर रुग्णात दाब ५५ आणि प्रवाह मिनिटाला साडेतीन लिटर आहे असे उदाहरणादाखल धरू. रोध येतो ४७ भागिले ३.५, म्हणजे सुमारे १३.४. मूळ रोधाच्या अकरा पट. पातळ भिंतीच्या उजव्या निलयाला एवढ्या दाबाविरुद्ध काम करावे लागले, की तो आधी जाड होतो, मग पसरतो आणि शेवटी थकतो. फुप्फुस धमनीचे मुख्य खोडही ताणले जाऊन रुंदावते. रुंदी वाढली की तोच दाब असतानाही भिंतीवरचा ताण वाढतो, म्हणून ती आणखी रुंदावते. काही रुग्णांत या फुगलेल्या धमनीचा दाब स्वरयंत्राकडे जाणाऱ्या डाव्या चेतातंतूवर येऊन आवाज घोगरा होतो. काहींत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या डाव्या धमनीवरही तिचा दाब येतो.

हे चित्र पाहिल्यावर कोणालाही वाटेल, की मोठी धमनी बिघडली आणि हृदयही बिघडले. पण मूळ दोष या दोन्हींत नाही. तो त्यांच्या पुढे, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहिन्यांत आहे. कारण आणि परिणाम यांची गल्लत होते ती नेमकी येथे.

तज्ज्ञांची गल्लत

९ मार्च १९८१ रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे ब्रूस राइट्झ आणि नॉर्मन शमवे यांनी फुप्फुसी अतिरक्तदाबाने आजारी असलेल्या ४५ वर्षांच्या एका महिलेवर हृदय आणि दोन्ही फुप्फुसे यांचे एकत्र प्रत्यारोपण केले. ती त्यानंतर पाच वर्षे जगली. हे असाधारण यश होते. त्यानंतरच्या दशकात या विकारासाठी हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण हाच राजमार्ग मानला गेला. कारण असे सांगितले जाई, की इतका ताणलेला उजवा निलय आता पूर्वपदावर येणार नाही. नुसती फुप्फुसे बदलून काय उपयोग?

त्या काळच्या शल्यचिकित्सकांना दोष देताना थोडे सबुरीने घेतले पाहिजे. जेम्स हार्डी यांनी १९६३ साली मिसिसिपीत पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्ण अठरा दिवस जगला. पुढच्या दीड-दोन दशकांत झालेल्या प्रयत्नांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरला तो बेल्जियममधील गेंट येथे १९६८ साली शस्त्रक्रिया झालेला रुग्ण. तोही दहाच महिने जगला. श्वासनलिकेचा जोड भरून येत नसे, ही एक मोठी अडचण होती. हृदय आणि फुप्फुसे एकसंध काढून बसवली, तर हृदयाच्या वाहिन्यांकडून श्वासनलिकेला थोडे रक्त मिळे आणि जोड बरा भरे. म्हणजे त्या पद्धतीला व्यावहारिक आधार होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये टोरांटो येथे जोएल कूपर यांनी एकाच फुप्फुसाचे यशस्वी प्रत्यारोपण केले आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग दिसला. तो रुग्ण फुप्फुसाच्या तंतुमयतेचा होता, अतिरक्तदाबाचा नव्हे.

तरीही टीका करावीच लागते, कारण विरुद्ध बाजूचा पुरावा त्या वेळीही उपलब्ध होता. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे १९७० पासून, धमनीत जुन्या गुठळ्या साचून दाब वाढलेल्या रुग्णांच्या गुठळ्या खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया केली जात होती. तीत अडथळा निघाल्यावर उजवे हृदय सावरत असे. आपल्याकडे संधिवाती तापाने हृदयाची डावी झडप अरुंद झालेले रुग्ण पुष्कळ असतात. झडप रुंद केल्यावर त्यांच्याही फुप्फुस धमनीतील दाब उतरतो. या उदाहरणांतून जो निष्कर्ष निघत होता, तो प्रत्यारोपणाला लावून पाहायला उशीर झाला.

१९९० च्या सुमारास काही केंद्रांनी हृदय तसेच ठेवून फक्त फुप्फुस बदलून पाहिले. सेंट लुईस येथील गटाने १९९१ साली अशा रुग्णांची शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. फुप्फुस धमनीतील दाब उतरून सर्वसाधारण पातळीच्या जवळ आला होता आणि 'कायमचा निकामी' म्हणून ज्याची गणना झाली असती तो उजवा निलय पुन्हा चांगले काम करू लागला होता.

वरचे गणित येथे पुन्हा करून पाहावे. हृदय तेच. फुप्फुसांचा रोध १३.४ वरून १.२, प्रवाह पुन्हा ५, डाव्या अलिंदातील दाब ८. फुप्फुस धमनीतील दाब येतो ६ अधिक ८, म्हणजे १४. एकच फुप्फुस बदलले तर? नव्या एका फुप्फुसाचा रोध २.४ आणि उरलेल्या जुन्याचा सुमारे २७. ही समांतर जोडणी आहे. एकूण रोध सुमारे २.२ येतो आणि दाब १९ च्या आसपास. शिवाय सुमारे ९२ टक्के रक्त नव्या फुप्फुसाकडे जाईल असे उत्तर येते. हे केवळ कागदावरचे नाही. अशा रुग्णांच्या तपासण्यांत खरोखरच जवळपास सर्व रक्त नव्या फुप्फुसातून जाताना दिसते. हवा मात्र दोन्हींकडे जात राहते. म्हणून नव्या फुप्फुसाला थोडी इजा झाली तरी रुग्ण संकटात येतो आणि आता या विकारात दोन्ही फुप्फुसे बदलणे पसंत केले जाते.

जुने खोड, नव्या फांद्या

आता धमनीकडे येऊ. प्रत्येक फुप्फुसासाठी तीन जोड असतात : श्वासनलिकेचा, धमनीचा आणि फुप्फुस शिरांसह डाव्या अलिंदाच्या किनारीचा. धमनीचा जोड फुप्फुसाच्या तोंडाशी केला जातो. म्हणजे फुप्फुस धमनीचे मुख्य खोड रुग्णाचे स्वतःचेच राहते आणि त्याला दात्याच्या फांद्या शिवल्या जातात. निसर्गाने नव्हे, माणसाने घडवलेला हा एक उत्तम प्रयोग आहे. खोड तेच ठेवले, फक्त पुढचा रोध बदलला. खोडाचे काय झाले?

तीन गोष्टी तीन वेगांनी घडतात. दाब उतरतो तो काही तासांत. उजवा निलय आकाराने आणि जाडीने सावरतो तो काही आठवड्यांत आणि महिन्यांत. धमनीचे खोडही आकसते, पण सावकाश, आणि अनेकांत ते पूर्ववत होत नाही. दाब सामान्य झाल्यावरही थोडे रुंदच राहते. भिंतीतील लवचीक तंतू मुख्यतः बाल्यावस्थेत आणि वाढीच्या वयात तयार होतात. प्रौढपणी ते तुटले की तसेच पुन्हा होत नाहीत, हे याचे एक कारण मानले जाते. काही रुग्णांत खोड इतके फुगलेले असते की फक्त फुप्फुसे बदलणे धोक्याचे ठरते. पूर्वी अशांना हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणच सुचवले जाई. आता काही ठिकाणी दात्याच्याच धमनीचा तुकडा वापरून खोड दुरुस्त केले जाते. रुंद खोडाला अरुंद फांदी शिवताना तोंडांचा मेळ बसवणे हे कौशल्याचे काम असते. जोड आवळला गेला, तर तेथेच नवा रोध तयार होतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. सर्वसाधारण फुप्फुसाला दोन मार्गांनी रक्त मिळते. फुप्फुस धमनीचे रक्त ऑक्सिजन घेण्यासाठी येते. श्वासनलिकेच्या भिंतींचे पोषण महाधमनीकडून येणाऱ्या बारीक धमन्या करतात. प्रत्यारोपणात या बारीक धमन्या सहसा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे सुरुवातीला नव्या श्वासनलिकेचे पोषण फुप्फुस धमनीतून उलट झिरपणाऱ्या, ऑक्सिजन कमी असलेल्या रक्तावरच होते. टोरांटोपूर्वीचे जोड का भरत नव्हते, याचे एक कारण हेच. आपण ज्याला 'अशुद्ध' म्हणून बाजूला काढतो ते रक्त पहिले काही आठवडे एका अवयवाला जगवते. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द वर्गात वापरू नयेत, याचे याहून चांगले कारण मला माहीत नाही.

नळ आणि पंप यांच्या मर्यादा

येथवर मी नळ, पंप आणि रोध यांच्या भाषेत बोललो. ही भाषा रंगाच्या भाषेपेक्षा बरी, पण तिलाही मर्यादा आहेत. नळ बदलल्याने पंप लहान-मोठा होत नाही, हृदय होते. दाब वाढल्याने नळाची भिंत जाड होत नाही, धमनीची होते. शिवाय अडचण अनपेक्षित बाजूने येते. आजारपणात डाव्या निलयाकडे वर्षानुवर्षे थोडेच रक्त पोहोचत असते. तो लहान आणि कामाला अनभ्यस्त झालेला असतो. नवी फुप्फुसे बसताच त्याच्याकडे अचानक भरपूर रक्त येते. त्याला ते पुढे ढकलता आले नाही, तर ते मागे तुंबते आणि नव्या फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून जर्मनीत हानोफर येथे आणि इतरत्र, शस्त्रक्रियेनंतरही काही दिवस रक्ताला शरीराबाहेरच्या यंत्रातून ऑक्सिजन देत डाव्या निलयाला हळूहळू कामाची सवय करू दिली जाते. उजवे हृदय सावरेल की नाही याची चिंता दहा वर्षे केली गेली. पहिल्या दिवसांतला धोका डावीकडे निघाला.

वृत्तपत्रांत अशा शस्त्रक्रियांच्या बातम्या 'नवे आयुष्य' या मथळ्याखाली येतात. त्यातील आनंद खरा असतो, पण चित्र अर्धे असते. या विकाराच्या रुग्णांना पहिले काही महिने इतरांपेक्षा जास्त धोक्याचे असतात; पहिले वर्ष पार केलेल्यांची पुढची वाटचाल मात्र तुलनेने चांगली असते. शरीर परक्या फुप्फुसाला हळूहळू नाकारत राहते, म्हणून औषधे जन्मभर घ्यावी लागतात. १९९५ मध्ये अमेरिकेत एपोप्रोस्टेनॉलला मान्यता मिळाल्यापासून २०२४ मधील सोटाटरसेप्टपर्यंत बरीच औषधे आली आणि प्रत्यारोपण हा शेवटचा उपाय ठरला. या औषधांचे लक्ष्य मोठी धमनी नसून पुढच्या बारीक वाहिन्याच आहेत, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

मग वर्गात काय करावे?

पहिली गोष्ट, अपवादाचे वाक्य काढून टाकण्याची गरज नाही. त्याची जागा बदलावी. धमनीची व्याख्या 'हृदयापासून दूर नेणारी वाहिनी' अशी आधी नीट दिली, तर फुप्फुस धमनी हा अपवाद उरतच नाही. अपवाद निर्माण होतो तो रंगाने व्याख्या केल्यामुळे.

दुसरी, आकृतीत मुख्य धमन्यांशेजारी दाबाचे दोन आकडे लिहावेत : ९३ आणि १४. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून वरची गणिते करून घ्यावीत. समांतर जोडणी त्यांना येते. ती छातीतही असते, हे कळले तर त्यांना गंमत वाटेल.

तिसरी, एक सोपा प्रयोग. दोन सारखे फुगे घ्यावेत. एक फुगवून लगेच सोडावा; दुसरा फुगवून आठवडाभर ठेवावा आणि मग हवा सोडावी. दोन्हींची लांबी मोजावी. दुसरा पूर्ववत होत नाही. मग मुलांना विचारावे : धमनी फुग्यासारखी आहे का? कोणत्या बाबतीत आहे आणि कोणत्या बाबतीत नाही? फुग्यात पेशी नसतात, तो स्वतःला दुरुस्त करत नाही, हे उत्तर मुलांकडूनच आले पाहिजे.

आणि शेवटी परीक्षेसाठी एक प्रश्न सुचवतो. 'एका रुग्णाचे हृदय मोठे झाले आहे आणि फुप्फुस धमनी फुगली आहे. डॉक्टरांनी या दोन्हींना न बदलता फक्त फुप्फुसे बदलण्याचे ठरवले. त्यांचा निर्णय योग्य आहे का? कारणे द्या.' या प्रश्नाचे उत्तर चुकण्याची किंमत वर्गात एखाद-दुसरा गुण असते. एका दात्याकडून एकच हृदय मिळते. ज्याला त्याची गरज नाही अशा रुग्णाला ते दिले, तर ज्याला आहे तो वंचित राहतो. १९८० च्या दशकात हा प्रश्न परीक्षेतला नव्हता.